लाझरपेक्षा वरचा स्कॅनर

देवस्सीच्या पोटात जे दुखत होतं त्यावर केरळातल्या अख्ख्या इरिंजालकुड्यात एकाही मेडिकलवाल्याकडे औषध नव्हतं. दुखणं जुनं होतं आणि त्याचं नाव लाझर होतं.

देवाने माणसाला वैरी द्यावा, ना नाही, पण निदान दुसऱ्या गल्लीत तरी द्यावा! लाझरचं वर्कशॉप बरोब्बर समोर, रस्त्याच्या पलीकडे. सकाळी देवस्सीने शटर वर केलं की पहिलं दर्शन लाझरचं. मेकॅनिक असून इस्त्रीचा शर्ट घालायचा मेला. वर आणि हात हलवून हसायचा, "काय देवस्सी, कॉफी झाली का?" देवस्सीची झालेली कॉफी तिथल्या तिथे आंबट व्हायची.

त्यात गेल्या दोन वर्षांपासून लाझरच्या दारात नव्या कोऱ्या जर्मन गाड्यांची रांग लागायला लागली. कारण एकच. लाझरकडे स्कॅनर होता. शारजाहून मेहुण्याने आणलेली एक काळी डबी, काडेपेटीहून जराशी मोठी. हल्लीच्या गाड्यांच्या डोक्यात संगणक असतो आणि कुठे काय दुखतंय ते त्या स्वतःच सांगतात, पण विचारणाऱ्याकडे त्यांच्याशी बोलणारी डबी पाहिजे. लाझरची डबी बोलायची. देवस्सीकडे होती ती एक जुनी तार आणि तिच्याइतकाच जुना लॅपटॉप. ती तार जुन्या गाड्यांशी मस्त गप्पा मारायची, नव्या गाडीला लावली की मुकी. त्यामुळे नवीन गाड्या पलीकडे, आणि देवस्सीच्या अंगणात सगळ्या म्हाताऱ्या.

चहावाल्या कुट्टप्पनला तर विषयच मिळाला. आमच्याकडे थोरल्या माणसाला चेट्टा म्हणतात, बायका नवऱ्यालाही. "देवस्सी चेट्टा, तुम्ही आता वर्कशॉपला तिकीट लावा. शाळेच्या सहली येतील बघायला."

"तुझ्या चहात दूध किती असतं ते आधी बघ," देवस्सी म्हणायचा, पण अंगाची लाही लाही व्हायची.

आता गिऱ्हाइकं गेली म्हणून माणूस जळणारच, त्यात नवल नाही. पण खरं सांगायचं तर गिऱ्हाइकं हे वरवरचं. मूळ भलतीकडेच होतं.

देवस्सी आणि लाझर दोघेही इनाशू आशानचे चेले. आशान म्हणजे गुरू, वस्ताद. इनाशू आशानच्या हाताखाली ज्याने पाने उचलले नाहीत तो आमच्या भागात मेकॅनिकच धरला जात नसे. आणि कौतुकाच्या बाबतीत माणूस असा चिक्कू, की काम फर्स्टक्लास झालं तर "बरं" म्हणायचा, आणि "बरं" म्हटल्याबद्दल पुढे आठवडाभर शिव्या घालायचा. अशा माणसाने एकदा भर वर्कशॉपात, सगळ्यांसमोर, लाझरच्या डोक्यावर हात ठेवला. लाझरने एका बसच्या इंजिनाचा आवाज नुसता ऐकून बिघाड सांगितला होता. देवस्सी तेव्हा शेजारी बॅटरीचा उजेड धरून उभा होता. मिसरूड फुटायचं वय दोघांचं. देवस्सीचं लग्न झालं, दोन मुली झाल्या, केस पिकले, पण तो हात काही लाझरच्या डोक्यावरून खाली आला नाही. देवस्सीच्या डोळ्यांसमोर तो तिथेच होता.

आपल्या डोक्यावर तो हात पडावा, एकदा, आणि पडताना लाझरने बघावा. बस्स, एवढंच त्याला हवं होतं.

आणि त्याची वाट त्याला सापडली होती. आशानच्या चेल्यांमध्ये एक रीत होती. कुणीही नवीन हत्यार घेतलं, साधा जॅक असो की वेल्डिंगचं मशीन, ते आधी आशानच्या हातात द्यायचं, विड्याचं पान आणि नाणं ठेवून. आशान ते परत चेल्याच्या हातात देणार, आणि मग त्याची भवानी आशानच्याच गाडीवर. तोवर ते हत्यार दुसऱ्या कुठल्याही गाडीला लावायचं नाही. आशानची गाडी म्हणजे मदाम्मा. मदाम्मा म्हणजे गोरी मडमीण. निळ्या रंगाची म्हातारी जर्मन गाडी, गल्फमधून आलेल्या कुणा माणसाने मोडक्या अवस्थेत टाकून दिलेली, आशानने स्वतःच्या हाताने उभी केलेली. आशानचे गुडघे गेले, वर्कशॉप बंद झालं, पण मदाम्मा घराच्या शेडमध्ये होती.

लाझरच्या डबीची भवानी झालीच नव्हती! ती डबी फक्त नव्या गाड्यांची. मदाम्माला लावली असती तर लाझरची शोभा झाली असती. म्हणून गडी दोन वर्षं सणाला केक घेऊन यायचा आणि डबीचं नाव काढायचा नाही. रीत मोडून सरळ धंद्याला लागलेला. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. देवस्सीच्या आलं होतं, कारण देवस्सीला लाझरचं काय लक्षात येत नसे?

तेव्हा बेत ठरला. जुन्याशीही बोलेल आणि नव्याशीही, असा स्कॅनर घ्यायचा. चर्चच्या सणाच्या दिवशी सगळे चेले आशानकडे जेवायला जमतात, तेव्हा सगळ्यांदेखत मदाम्माला लावायचा.

त्याची बायको जान्सी शहाणी बाई. रात्री मासे वाढता वाढता म्हणाली, "चेट्टा, घ्यायचा तर घ्या. पण आपल्याकडे कुठल्या गाड्या येतात ते बघून घ्या. जुन्यांसाठी तुमची तार आहेच की. नव्यांसाठी एक साधी वायर वेगळी घेतली तरी भागतं. सगळं एकातच कशाला हवं?"

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"मला एवढं कळतं की लाझरकडे काय आहे ते बघून घेऊ नये."

"लाझरचं नाव कोणी काढलं?"

"तुम्ही. ताटावर बसल्यापासून पाच वेळा."

देवस्सी माशाचे काटे काढत राहिला.

एरणाकुळमला शफीकचं दुकान आहे, गल्लीच्या तोंडाशी, चपलांच्या दुकानावर. देवस्सी जिना चढून गेला. शफीक पोरगेलासा, पण धंद्यात मुरलेला. त्याने काचेवर तीन गोष्टी मांडल्या.

"ही तार फक्त जुन्या गाड्यांची. ही नेटच्या वायरसारखी दिसते ना, ही फक्त नव्यांची, स्वस्त आणि मस्त. आणि ही डबी दोन्हींची, पण महाग. चेट्टा, तुमच्याकडे जुन्या किती येतात, नव्या किती?"

"इरिंजालकुड्याचा लाझर तुझ्याकडे येतो का?"

शफीक गोंधळला. "लाझर चेट्टा? येतात ना."

"त्याच्याकडे आहे ती यातली कुठली?"

"या मधलीचाच मोठा भाऊ. नव्या गाड्यांचीच. पण चेट्टा, तुमच्याकडे गाड्या—"

"आणि ही महागातली? ती त्याने घेतली?"

"घेतली नाही. येतात, हातात घेऊन बसतात तासभर, उलटीपालटी करून बघतात, मला शंभर प्रश्न विचारतात आणि ठेवून जातात."

देवस्सीच्या छातीत गुदगुल्या झाल्या. ठेवून जातात! म्हणजे ऐपत नाही. इस्त्रीचा शर्ट आणि ऐपत नाही! "हीच दे," तो म्हणाला. "बांध."

"बांधतो. फक्त जुन्या गाडीला लावताना एक गोष्ट—"

"ए बाळा, जुन्या गाड्यांचं तू मला सांगतोस? तुझ्या बापाचं लग्न व्हायच्या आधीपासून मी जुन्या गाड्या खोलतोय. बांध!"

शफीकने खांदे उडवले आणि बांधली. दुकानदाराला काय, गिऱ्हाईक ऐकत नाही तर नाही.

डबी घरी आली ती येशूच्या तसबिरीखालच्या कपाटात गेली. जान्सी म्हणाली, "एकदा गुपचूप लावून तरी बघा. चालते की नाही?"

"बाटवायची नाही. आशानच्या हातात जायच्या आधी नाही."

"दुकानदाराने काय ते लावलं असेल ना कुठेतरी? मग ती बाटलेलीच की."

"तुझी जीभ फार चालायला लागलीय," देवस्सी म्हणाला आणि कपाटाला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. दिवसभर समोर लाझर नव्या गाडीच्या बॉनेटखाली वाकलेला दिसायचा आणि देवस्सी किल्ली चाचपायचा. त्या आठवड्यात त्याने लाझरला दोनदा स्वतःहून हात हलवला. लाझर चपापलाच.

सणाच्या दिवशी दारोदारी केळीचे खांब रोवले होते, बँडवाले ऊन खात घामाघूम झाले होते. आशानच्या अंगणात चेले जमले. घरातून कूर्काचे छोटे कंद घातलेल्या डुकराच्या मटणाचा असा वास सुटला होता की कुणाचं बोलण्यात लक्ष नव्हतं. आशान वेताच्या खुर्चीत, कमरेला पांढरं मुंडू, गुडघ्यांवर टॉवेल.

"आलात? जेवणाच्या वेळेवर बरे आलात. कामाच्या वेळेवर कधी आला नाहीत," आशान म्हणाला.

लाझर केक घेऊन आला होता. अर्थात.

देवस्सीने पुढे होऊन विड्याचं पान, त्यावर नाणं, त्यावर डबी ठेवली आणि ओंजळ पुढे केली. "आशान, नवीन घेतलंय. जुन्या गाड्या, नव्या गाड्या, दोन्ही." 'दोन्ही' म्हणताना त्याने लाझरकडे बघून घेतलं. लाझरचं हसू जागच्या जागी थिजलं होतं. डोळे डबीवर खिळलेले. आहाहा! देवस्सीला वाटलं, पैसे इथेच वसूल झाले.

आशानने डबी हातात घेतली, फिरवून पाहिली. "एवढीशीच?" मग म्हणाला, "बरं झालं आणलीस. ओणमपासून मदाम्मा चालू होत नाहीये. इथला एक मेकॅनिक येऊन गेला. म्हणाला, आशान, हिचं डोकं गेलंय, आता भंगारात द्या. म्हटलं, माझे लोक सणाला येतील तेव्हा बघू." एवढं बोलून त्याने डबी देवस्सीला परत दिली. पान मात्र हातातच राहिलं.

देवस्सीने ऐकलं. ऐकलं आणि मनात म्हणाला, वा, हे तर दुधात साखर! नुसती भवानी नाही, मेलेली मदाम्मा उठवायची, तीही लाझरसमोर.

आशानची खुर्ची उचलून शेडमध्ये मदाम्माजवळ नेली. चेल्यांनी गाडीवरची चादर काढली. बॅटरी चार्ज करून ठेवलेलीच होती. देवस्सीने बॉनेट वर केलं, जुन्या गाड्यांचा तो गोल सॉकेट उघडला, जोड लावला, डबी लावली, आणि आशानच्या पायाशी जमिनीवर बसून मांडीवर लॅपटॉप उघडला. एका चेल्याने चावी फिरवली. मागे सगळे वाकून बघत होते.

लॅपटॉपवर अक्षरं आली. गाडी उत्तर देत नाही.

"थांबा, पहिल्यांदा असं होतं," देवस्सी म्हणाला. पुन्हा लावलं. गाडी उत्तर देत नाही. जोड काढला, फुंकला, शर्टाला पुसला, घट्ट दाबला. उत्तर देत नाही.

"चेट्टा, तिला मल्याळम येत नसेल, मडमीण आहे," मागून कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसली.

देवस्सीच्या कानशिलांवरून घाम ओघळायला लागला. आणि अशा वेळी हा माणूस काय करत होता? गाडी बघत होता? डबी बघत होता? छे! लाझरकडे बघत होता. हसतोय का तो? ओठ हललेत का? मिशीच्या डाव्या टोकाशी काहीतरी हललं का? आता उद्या कुट्टप्पनच्या टपरीवर काय सांगेल? पुन्हा प्रयत्न, पुन्हा तेच, आणि पुन्हा नजर लाझरकडे. आता लाझर हसत नव्हता. दुसरीकडेच कुठेतरी बघत होता. देवस्सीला तेही झोंबलं. हसायच्या लायकीचाही समजत नाही हा मला!

मग लाझर पुढे आला. "ती वायर पायात येतेय, कुणीतरी अडकून पडेल," म्हणाला आणि गाडीशी वाकला. वायर उचलता उचलता त्याचा अंगठा डबीच्या कडेवरून गेला. तिथे तांदळाच्या दाण्याएवढा एक खटका होता. टिक. लाझर वायर बाजूला ठेवून पुन्हा मागे जाऊन उभा राहिला.

देवस्सीला सगळं एका क्षणात कळलं. जुन्या गाडीला आतल्या दोन तारा एकमेकींना जोडलेल्या लागतात, नव्या गाडीला सोडलेल्या. त्याच्या स्वतःच्या जुन्या तारेत त्या कायमच्याच जोडलेल्या होत्या, म्हणून जन्मात कधी खटक्याची गरज पडली नव्हती. शफीक हेच सांगत होता. हेच!

त्याने लॅपटॉपवरून पुन्हा विचारलं, आणि मदाम्मा बोलायला लागली. ओळीमागून ओळ. इंजिनाचा संगणक शाबूत, गिअरचा शाबूत, आणि मधोमध एक बिघाड, क्रँकच्या सेन्सरकडून खबर येत नाही.

"आशान, डोकं शाबूत आहे!" देवस्सीचा आवाज फुटला. "एक सेन्सर गेलाय, आणि काही नाही. उद्या आणून बसवतो."

"शाबूत?"

"एकदम शाबूत."

सगळे ओरडले. आणि त्या गलक्यात देवस्सीच्या डोक्यावर, पिकलेल्या केसांवर, आशानचा हात पडला. जाड, खरबरीत, सगळा पंजा. पडला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

झालं ना? मिळालं ना? आता माणसाने सुखाने जेवावं की नाही? पण देवस्सी जेवायला बसेना. हात धुवायच्या नळापाशी त्याने लाझरला गाठलं.

"खटका तू सरकवलास."

"हळू बोल जरा. सगळे ऐकतील."

"ऐकू दे! मी तुझ्याकडे मदत मागितली होती? मोठेपणा दाखवतोस? उपकार करून ठेवतोस माझ्यावर?"

"तुझ्यावर?" लाझरने नळ बंद केला. आजवर देवस्सीने त्याचा असा चेहरा पाहिला नव्हता. "तुझ्यावर कशाला उपकार करू मी? सकाळपासून माझी काय आग होतेय ते माझं मला ठाऊक. दोन वर्षं त्या शफीकच्या दुकानात जाऊन ती डबी हातात घेतोय. तिच्यावर कुठे काय आहे ते डोळे मिटून सांगेन. परवडत नाही म्हणून ठेवून येतोय, आणि इथे आशानसमोर तोंड लपवून केक देतोय. आणि तू आणलीस! खटका आहे हेसुद्धा न बघता आणलीस. मी म्हटलं, होऊ दे याची फजिती. खरं सांगतो, मजा बघत होतो."

"मग?"

"मग आशानकडे लक्ष गेलं. तुझ्या लॅपटॉपवर दुसऱ्यांदा ते 'उत्तर देत नाही' आलं ना, तेव्हा. पान अजून हातातच होतं त्यांच्या. मुठीत धरून चुरा केला पानाचा. आणि 'गेली' म्हणाले. दोनदा म्हणाले. बायको गेली तेव्हासुद्धा आशान असे दिसले नव्हते, देवस्सी. मला बघवेना. म्हणून सरकवला खटका. तू त्यांच्या पायाशीच तर बसला होतास. ऐकलं नाहीस?"

देवस्सीने ऐकलं नव्हतं.

लाझर हात पुसत आत गेला. देवस्सी नळापाशी उभा राहून आठवायला लागला. आशानचा चेहरा कसा झाला होता? आठवेना. 'गेली' कधी म्हणाले? आठवेना. मग ते सोडून त्याने हात आठवून पाहिला, इतकी वर्षं ज्याच्यासाठी जीव टाकला तो हात. तो डोक्यावर पडला तेव्हा आशान हसले का? डोळे भरले का? काही पुटपुटले का? काहीच आठवेना. लाझर मात्र आठवत होता. कुठल्या पायावर भार देऊन उभा होता, इस्त्रीच्या शर्टाचं वरचं बटण कसं उघडं होतं, मिशीत पांढरे केस किती, सगळं. आयुष्यात एकदा आशानचा हात डोक्यावर पडला, आणि त्या वेळीही हा गाढव लाझरकडेच बघत बसला होता.

आतून हाक आली, "देवस्सी, येतोस की तुझंही वाटून टाकू?"

तो आत गेला. आशानच्या समोरची जागा रिकामी होती, तिथे बसला, आणि ठरवून, अगदी ठरवून आशानच्या तोंडाकडे बघायला लागला. सुरकुत्या, दाढीचे खुंट, ओठाला लागलेला रस्सा. म्हातारा खूश होता. डोळे चमकत होते.

"काय टकामका बघतोस? जेव," आशान म्हणाला, आणि वाडगं ओढून त्याने स्वतःच्या हाताने देवस्सीच्या ताटात मटण वाढलं. आशानने वाडगं पुढे सरकवलं आणि शेजारी बसलेल्या लाझरच्या ताटातही वाढलं.

देवस्सीने मान न हलवता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं आणि लाझरच्या ताटातले तुकडे मोजले.